वाचनालयात कॉम्प्युटर कट्टा भरू द्या

गावातल्या किंवा वॉर्डातल्या सार्वजनिक वाचनालयाने महिन्यातून एक शनिवार, दुपारी चार ते साडेसहा, एक खोली कॉम्प्युटर आणि मोबाईल वापरणाऱ्या लोकांना द्यावी, एवढंच माझं म्हणणं आहे. दोन टेबलं, थोड्या खुर्च्या, लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, धड चालणारं वायफाय, आणि जमलं तर चहा. प्रमुख पाहुणे नकोत, बॅनर नको, कोर्स तर अजिबातच नको. ज्याचं जे अडलंय ते घेऊन त्याने यावं, चारचौघांत विचारावं, कोणाला येत असेल त्याने दाखवावं, कोणालाच येत नसेल तर सगळ्यांनी मिळून डोकं लावावं. याला कॉम्प्युटर क्लब म्हणा, युजर ग्रुप म्हणा, कट्टा म्हणा, मला नावाशी काही घेणं नाही.

हे कोणाला सांगितलं की दोनपैकी एक उत्तर येतं. एक म्हणजे, आता कशाला हे सगळं, यूट्यूबवर मिळतं की, आणि वर एआय आलंय. दुसरं म्हणजे, वा छान, मग सायबर सुरक्षेवर एक व्याख्यान ठेवू, इन्स्पेक्टर साहेबांना बोलवू. दोन्ही बोलणारे मनाने चांगले असतात, पण पहिल्यांना वाटतं लोकांकडे माहिती कमी आहे आणि ती आता फुकट मिळते, दुसऱ्यांना वाटतं लोकांकडे माहिती कमी आहे आणि ती स्टेजवरून द्यायला पाहिजे. माहिती ढिगाने आहे हो. विचारायला जागा नाहीये.

मुळात हे क्लब सुरू झाले तेच अडलेल्या लोकांमुळे. ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला गॉर्डन फ्रेंचच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली मीटिंग झाली, निमित्त होतं आल्टेअर ८८०० नावाचं कॉम्प्युटरचं किट, ते घरी जोडायचं, आणि जोडून झाल्यावर त्याचं करायचं काय हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. पुढे गर्दी वाढली, मीटिंगा स्टॅनफर्डच्या स्लॅक या प्रयोगशाळेच्या ऑडिटोरियममध्ये भरायला लागल्या, तिथेच स्टीव्ह वॉझनियाक आपला ॲपल वन हा कॉम्प्युटर दाखवायचा आणि त्याच्या सर्किटच्या झेरॉक्स वाटायचा. ही गोष्ट बऱ्याच जणांना पाठ असते कारण त्यातून पुढे मोठी कंपनी निघाली, आणि आपल्याकडे कंपनी निघाली की मगच गोष्ट सांगण्यालायक ठरते. मला मात्र त्या क्लबची मीटिंग कशी चालायची तेच भारी वाटतं. ली फेल्सनस्टाइन नावाचा माणूस ती चालवायचा आणि त्याने तिचे सरळ दोन भाग केले होते. पहिल्याला म्हणायचे मॅपिंग, म्हणजे उभं राहायचं आणि सांगायचं की माझ्याकडे हे आहे, मला ते हवंय, माझं इथे अडलंय, मी असं असं ऐकलंय. दुसरा भाग रँडम ॲक्सेस, म्हणजे पांगापांग, ज्याचं बोलणं आपल्या कामाचं वाटलं त्याला जाऊन गाठायचं आणि कोपऱ्यात बसून बोलायचं. बस एवढंच. म्हणजे मीटिंगचा पहिला तासच प्रश्नांचा, आणि उरलेला वेळ उत्तरं शोधायचा.

याच्या उलट टोकाला बॉस्टन कॉम्प्युटर सोसायटी. १९७७ मध्ये जोनाथन रोटेनबर्ग या तेरा वर्षांच्या पोराने सुरू केलेली, आणि ती वाढत वाढत तीस हजारांच्या आसपास सभासदांवर गेली. जानेवारी १९८४ मध्ये स्टीव्ह जॉब्ज ॲपलचा नवा कॉम्प्युटर मॅकिंटॉश घेऊन या सोसायटीपुढे आला होता, इतकं वजन. आणि १९९६ मध्ये ती बंद पडली. तिथे बहुतेक लोक साधे वापरणारे होते, कुठला प्रिंटर घेऊ, कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, हे विचारायला यायचे, आणि ते सांगायला मासिकं आली, दुकानं आली, मग वेब आलं. म्हणून मी यूट्यूबवाल्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावत नाही, खरेदीचा सल्ला आणि बातम्या यासाठी क्लब लागायचा तो काळ गेला हे मान्य. पण तेवढ्यावरून क्लबचंच काम संपलं असं म्हणायचं असेल तर एकदा कुठल्याही बँकेच्या शाखेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊन उभं राहा आणि काउंटरवर लोक काय विचारतात ते ऐका.

आपल्याकडे पुण्यात लिनक्सवाल्यांचा (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) ग्रुप, प्लग, मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या कॉम्प्युटर कॉलेजात महिन्याच्या पहिल्या शनिवारी भेटायचा. तिथल्या पोरांनी ग्नूनिफाय नावाचा वार्षिक मेळाही बरीच वर्षं भरवला. तेव्हा भेटण्याला फार व्यावहारिक कारण होतं, नेट इतकं स्लो आणि महाग की एक आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम डाउनलोड करणं म्हणजे चेष्टा. १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी दिली ती किती हातांतून फिरली असेल देव जाणे, आणि नंतर उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकारवाले २०११ पर्यंत पोस्टाने फुकट सीडी पाठवायचे, त्या सीड्या मीटिंगला वाटल्या जायच्या. कोणीतरी सीपीयू रिक्षात घालून आणायचा, मॉनिटर मिळेल तिथला जोडायचा, पार्टिशन करताना, म्हणजे हार्ड डिस्कचे भाग पाडताना, सगळे मागे उभे राहून श्वास रोखून बघायचे कारण एक बटण चुकलं तर त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले. याला इन्स्टॉल फेस्ट म्हणायचे आणि मी शिकले ते बरंचसं असंच, कोणाच्या तरी खांद्यावरून डोकावून.

आता पुण्यामुंबईत मीटअप भरपूर होतात, चांगलेही होतात. फॉस युनायटेड या खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या संस्थेचे मीटअप असतात, वेगवेगळ्या प्रोग्रॅमिंग लँग्वेजवाल्यांचे असतात, क्लाउडवाल्यांचे असतात, त्यात तीन टॉक, स्लाइड, मधे पिझ्झा, शेवटी ग्रुप फोटो. जाणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, नोकऱ्या मिळतात, ओळखी होतात, त्याला नावं ठेवायचं मला काही कारण नाही. पण ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे कार्यक्रम आहेत. नुसता वापरणारा माणूस, ज्याचा सी ड्राइव्ह लाल झालाय आणि एक्सेल उघडायला पाच मिनिटं लागतात, तो तिथे जाऊन काय करेल? आयटी इतकं वाढलं की कॉम्प्युटर येणं म्हणजे आयटीत असणं असं समीकरण झालं, आणि मग कॉम्प्युटरवाल्यांच्या भेटी म्हणजे आयटीवाल्यांच्या भेटी होत गेल्या. कोणी मुद्दाम केलं नाही हे, पण वापरणारे बाहेर राहिले ते राहिलेच.

दुसरं एक दुखणं अगदी आपलं, मराठी. आपण व्याख्यानवाले लोक आहोत. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, आणि तिची पोरंबाळं आज महाराष्ट्रभर गावोगाव आहेत, त्याचा मला अभिमानच आहे. पण त्याचा परिणाम असा की चार माणसं कशासाठीही जमली की आपोआप एक जण बोलणार आणि बाकीचे ऐकणार अशी मांडणी होते. परिचय, शाल-श्रीफळ, पाऊण तास भाषण, मग संयोजक घड्याळ बघत म्हणतात की वेळ थोडा आहे, एक-दोन प्रश्न घेऊ, आणि त्यात एक गृहस्थ उठून प्रश्न न विचारता स्वतःचंच दहा मिनिटांचं भाषण करतात, मग आभार आणि वंदे मातरम. सायबर सुरक्षेवरची जी व्याख्यानं मी ऐकलीत त्यात माहिती बरोबर होती, वक्ते तळमळीने बोलत होते, आणि बाहेर पडल्यावर चपला घालताना शेजारच्या काकू हळूच विचारत होत्या की अगं ते सगळं ठीक, पण माझ्या फोनवर ते हिरवं टिंब येतं ते काय असतं? (कॅमेरा किंवा माइक चालू असला की अँड्रॉइडवर कोपऱ्यात हिरवं टिंब दिसतं, आणि खरं तर दीड तासाच्या कार्यक्रमातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच ठरलं असतं.) त्यांनी ते हॉलमध्ये विचारलं नाही कारण हॉलमध्ये असं विचारायचं नसतं, तिथे मोठे प्रश्न विचारायचे असतात.

कोर्सबद्दलही तेच. सरकारला लोकांना कॉम्प्युटर शिकवायचा म्हटलं की कोर्सच सुचतो, आणि मी त्याचं महत्त्व कमी करत नाही. २००१ पासून एमएस-सीआयटी चालू आहे, एक कोटीहून जास्त लोकांनी केलाय, कित्येक गावांत मुलींनी पहिल्यांदा माउस हातात घेतला तो त्या सेंटरवर. केंद्राने २०१७ मध्ये ग्रामीण भागासाठी डिजिटल साक्षरता अभियान काढलं, सहा कोटी घरांतून प्रत्येकी एक माणूस, वीस तासांचं ट्रेनिंग, मग परीक्षा आणि सर्टिफिकेट. पण वीस तासांनंतर काय? कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी बँकेचं ॲप बदलतं, फोन बदलतो, सरकारी पोर्टलची मांडणी बदलते, आधी ओटीपी यायचा तिथे आता चेहरा स्कॅन करायला सांगतात, आणि सर्टिफिकेट फाइलमध्ये असतं. ठरलेल्या अभ्यासक्रमात तुम्हाला न पडलेल्या प्रश्नांची उत्तरं आधीच पाठ करून घेतात, आणि जेव्हा खरा प्रश्न पडतो तेव्हा सेंटरवाल्या सरांची नवी बॅच चालू असते. शिवाय सरकारी नोकरीतल्या कित्येकांसाठी तो कोर्स शिकण्यापेक्षा वेतनवाढीशीच जास्त जोडला गेला, हे ज्यांनी केलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता यूट्यूब आणि एआयचं बघू, कारण खरा वाद तिथे आहे. सर्च करायला आपल्याला काय झालंय त्याचं नाव माहीत असावं लागतं. ज्याला ते माहीत आहे त्याचं अर्धं काम झालेलंच असतं. आमच्या ओळखीतले एक निवृत्त मास्तर सांगायचे की फोन भरलाय, फोन भरलाय, आणि त्यांनी फोन भरलाय असं शोधून जे व्हिडिओ पाहिले त्यांनी त्यांच्याकडून तीन क्लीनर ॲप टाकून घेतली, त्यांनी उरलेली जागाही भरली आणि वर जाहिराती सुरू झाल्या. प्रत्यक्षात व्हॉट्सॲपच्या ग्रुपांतले सुप्रभातचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप गॅलरीत सेव्ह होत होते, एक सेटिंग बंद करायचं होतं. शेजारी बसलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत दिसतं, कारण तो प्रश्न ऐकत नाही, फोन बघतो, आणि बघता बघता विचारतो की हे एवढे फोटो कुठून आले हो. एआय छान उत्तर देतं, मराठीत देतं, मी स्वतः वापरते, पण तुम्ही जे सांगाल त्यावर देतं, आणि जे तुम्हाला सांगायचं सुचलंच नाही तिथेच बहुतेक वेळा घोडं अडलेलं असतं. त्यात व्हिडिओतला फोन एका कंपनीचा, आपला दुसऱ्या, सेटिंगच्या पानावर त्याच्याकडे जे वर आहे ते आपल्याकडे चार पायऱ्या आत, मग माणूस म्हणतो माझ्या फोनमध्ये ते नाहीच आणि सोडून देतो. आणि कस्टमर केअरचा नंबर म्हणून नेटवर शोधून जो पहिला दिसतो तो लावल्यामुळे किती जणांचे पैसे गेलेत ते वेगळं सांगायला नको.

उरले घरचे. मुलगा हिंजवडीत नाहीतर न्यू जर्सीत, सून कामात, नात बारावीत. नातीला विचारलं तर ती फोन हातातून घेते, अंगठे भराभर चालवते आणि म्हणते झालं बघ आजी. काय झालं ते आजीला कळत नाही, पुढच्या वेळी परत विचारायला जीव संकोचतो, आणि तिसऱ्यांदा विचारलं की नात म्हणते मागेच सांगितलं होतं ना. यात नातीचा दोष नाही, घरच्या माणसाला शिकवणं ही जगातली सगळ्यात कठीण गोष्ट आहे, नवऱ्याने गाडी शिकवलेल्या कुठल्याही बाईला विचारा. परक्या पण ओळखीच्या माणसाला विचारताना ती भीड नसते. मी ज्या ज्या ठिकाणी असे छोटे कट्टे बघितले तिथे एक नियम हमखास कामाचा ठरतो: दुसऱ्याच्या फोनला, माउसला हात लावायचा नाही. सांगायचं, बोट दाखवायचं, पण दाबायचं त्यानेच. आयटीतल्या माणसांना हा नियम पाळणं फार जड जातं, त्यांचे हात शिवशिवतात, काही जणांना मी अक्षरशः हात मागे बांधून उभं राहायला सांगितलंय.

फसवणुकीचा विषय मात्र याहून गंभीर आहे. डिजिटल अरेस्ट म्हणून जे चालतं त्यात समोरचा स्वतःला सीबीआय, पोलीस, कस्टम असं काहीही म्हणवतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले म्हणतो, आणि मग सांगतो की व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, घरच्यांनाही सांगायचं नाही, गुप्त तपास आहे. २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये पंतप्रधानांनी यावर बोलून सांगितलं की कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचं काही नाहीच, त्यानंतर कित्येक महिने फोन लावला की रिंगच्या आधी हीच सूचना ऐकून ऐकून कान किटले. तरी निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतून रिटायर झालेले अधिकारी फसतातच. ही अडाणी माणसं आहेत का? त्यांना माहिती नव्हती का? मला वाटतं त्या घोटाळ्याचं आख्खं यंत्रच मुळी माणसाला एकटं पाडण्यावर चालतं, तो दोन तास एकटा राहिला की संपलं. म्हणून ज्या माणसाला नुसतं एवढं माहीत आहे की आपल्या वाचनालयात कट्ट्याला ते अमुक येतात त्यांना एक फोन करून विचारू, त्याचे बचावायचे चान्सेस शंभर पोस्टर वाचलेल्या माणसापेक्षा जास्त. पोलिसांना विचारायला माणूस घाबरतो, मुलाला सांगायला लाजतो. आणि पैसे गेलेच असतील तर १९३० ला ताबडतोब फोन करायचा असतो, जितका लवकर तितकी रक्कम मधेच अडवायची शक्यता जास्त, पण लाजेपायी लोक दोन-दोन दिवस कोणाला बोलत नाहीत. कट्ट्यावर जेव्हा एखादा सगळ्यांसमोर सांगतो की माझे असे गेले, लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली आणि मी उघडली, तेव्हा बाकीच्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कुठल्याही स्लाइडने होत नाही. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो पैसे देताना, हे एकदा शेजारच्या माणसाच्या तोंडून ऐकलं की डोक्यात बसतं.

आणि काही प्रश्न असे आहेत की ते मराठी माणसाशिवाय कोणाला पडणारच नाहीत, त्यांची उत्तरं कोणी बाहेरून आणून देणार नाही. जुन्या श्रीलिपीत किंवा आकृतीत टाइप केलेल्या फाइली, संस्थांची इतिवृत्तं, स्मरणिका, एखाद्या साप्ताहिकाचे वीस वर्षांचे अंक, आज उघडले की नुसती ठिपक्याफुल्यांची अक्षरं दिसतात, कारण ते फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीच्या, आधीचे. कन्व्हर्टर असतात, पण ते जोडाक्षरं कुठे खातात आणि नंतर हाताने काय तपासायचं हे ज्याने केलंय तोच सांगू शकतो. तऱ्हा, दऱ्या, कैऱ्या यातला तो अर्धा र कीबोर्डवर कसा काढायचा यावर लोक वर्षानुवर्षं अडून बसलेत, कोणी दर्या लिहून समुद्रात जातं. इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड शिकावा की रोमनमधून टाइप करावं यावर तर कट्ट्यावर हाणामारी व्हायची वेळ येते (इनस्क्रिप्टच शिकावा, एक महिना त्रास होतो, पण मी हे इथे ताणत नाही). मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, आणि आजही तिथे आपल्या तालुक्यावरचा लेख उघडला तर बऱ्याचदा चार ओळींत आटपतो. वाचनालयात बसून, शेजारच्या कपाटातलं गॅझेटियर आणि स्थानिक इतिहासाची पुस्तकं समोर ठेवून, दोन माणसांनी मिळून तो लेख नीट करणं, यासारखं कट्ट्याचं दुसरं काम नाही, कारण ती पुस्तकं फक्त तिथेच आहेत आणि नेटवर नाहीत.

जुन्या मशीनचा मुद्दा थोडक्यात सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ टाकायला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, म्हणजे शाळा, पतसंस्था, वाचनालयं, छोट्या दुकानदारांकडचे चांगले चालणारे डेस्कटॉप एका तारखेने म्हातारे ठरले. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी एक वर्ष वाढवून दिलंय, पण ते वर्षच. दुकानात नेलं की सांगतात नवा घ्या. तिथे कोणीतरी उघडून बघितलं पाहिजे की जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, घातली, चार जीबी रॅम वाढवली आणि लिनक्स मिंट टाकलं तर टायपिंग, इंटरनेट, बिलं एवढ्यासाठी तो अजून पाच-सहा वर्षं चालेल का. काहींचा चालेल, काहींचा नाही, टॅली किंवा विशिष्ट सरकारी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी त्या फंदात पडू नये हेही तिथेच सांगता येतं. विकणाऱ्याला ते सांगण्यात रस नसतो.

वाचनालयच का, समाजमंदिर का नाही, गणपती मंडळाचा हॉल का नाही? कारण वाचनालय कोणाचंच नसतं आणि सगळ्यांचं असतं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, इतकी जुनी ही रीत आपल्याकडे आहे, आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे आज राज्यात अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, अ ब क ड वर्गात, तुटपुंजं का होईना पण अनुदान मिळणारी. पेपर वाचायला येणारे तेवढे सोडले तर दुपारी कित्येक ठिकाणी ग्रंथपाल आणि पंखा एवढेच असतात. बाईमाणूस तिथे संध्याकाळी एकटी जाऊ शकते, कोणी विचारत नाही कुठे निघालीस. हे हॉटेलात किंवा कोवर्किंगच्या काचेच्या ऑफिसात होत नाही, तिथे दारातच माणूस बिचकतो.

आता अडचणी, कारण मी कमिट्यांमध्ये बसलेली आहे आणि तिथे काय काय निघतं ते मला माहीत आहे. पहिली, लाइट बिल आणि वायफाय. अहो अडीच तासांत किती बिल येणार, आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी वायफाय असतंच. पण त्या पोरांचा मुद्दा मात्र खरा आहे, अभ्यासिकेत शांतता लागते, पोरं तिथे बारा-बारा तास बसतात, त्यांच्या डोक्यावर आपण गप्पा मारायच्या नाहीत, कट्टा दुसऱ्या खोलीत किंवा व्हरांड्यात. दुसरी, जबाबदारी. कोणाचा डेटा उडाला तर? लेखी नियम करा आणि भिंतीवर लावा, बॅकअप नसेल तर मशीन उघडायचं नाही, कोणी कोणाचा पिन, पासवर्ड, ओटीपी विचारायचा नाही, बघायचा नाही, बँकेचं ॲप असेल तर त्या माणसाने स्वतःच्या हाताने. तिसरी अडचण कमिटीला सुचत नाही पण येतेच: महिन्याभरात विमा एजंट, शेअर टिप्सवाले, सेकंडहँड लॅपटॉप विकणारे, कोर्सचे पॅम्फ्लेट वाटणारे हजर होतात. त्यांना दारातून आत घ्यायचं नाही, कितीही ओळखीचे असले तरी. नगरसेवकांनी खुर्च्या दिल्या तर घ्याव्यात, नाव लावू नये.

आणि कट्टे मरतात ते मात्र यातल्या कशानेच मरत नाहीत. एकच माणूस सगळं करत असतो, तोच मेसेज टाकतो, तोच किल्ली आणतो, तोच सगळ्यांची उत्तरं देतो, लोक त्याच्याभोवती रांग लावतात, त्यालाही ते आवडतं, आणि मग त्याची बदली होते किंवा आई आजारी पडते की झालं. म्हणून पहिल्यापासून तीन जण हवेत, आणि त्यातला एक तरी असा हवा की ज्याला कॉम्प्युटरमधलं फारसं काही येत नाही. तो प्रश्न नीट लिहून घेतो, कोणाचं कोणाशी जमेल ते बघतो, फेल्सनस्टाइनचं काम तेच होतं. केरळने शाळांमध्ये २०१८ पासून लिटल काइट्स म्हणून मुलांचे आयटी क्लब केलेत, दोन हजारांवर शाळांत, आणि त्याच मुलांनी आयांना सायबर सुरक्षेचे धडे दिले. आपल्याकडे शाळेत कॉम्प्युटर लॅबला कुलूप असतं कारण काही मोडलं तर सरांवर येतं. आठवी-नववीची दोन पोरं कट्ट्याला आली तर त्यांना तोच हात न लावायचा नियम शिकवा, घरी आजीला त्याचा फायदा.

सुरुवात नोव्हेंबरात करावी असं मी सुचवेन. त्या महिन्यात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो, जीवन प्रमाणचं ॲप, त्याच्याबरोबर आधारचं चेहरा ओळखणारं दुसरं ॲप, दोन्ही टाकावी लागतात, आणि लोक नेमके खिडकीकडे पाठ करून बसतात, चेहऱ्यावर अंधार येतो आणि ॲप म्हणतं चेहरा जुळत नाही. म्हणजे लोक आपणहून येतील, बोलवावं लागणार नाही, आणि एकदा दाखला झाला की तेच विचारतील की हे हिरवं टिंब काय असतं. खुर्च्या खिडकीकडे तोंड करून मांडा, येताना आधार आणि पेन्शनचा पीपीओ नंबर आणायला सांगा, आणि किल्ली दोघांकडे ठेवा.